गंगूचा हुंकार

आमच्या गंगूला खुर्ची द्या, ती बसणार नाही. सोफा तर नाहीच. दारातच टेकेल, पाय जिन्याकडे सोडेल, पदरानं मान पुसेल आणि म्हणेल, "ताई, चहा नक्को. आधी पाणी द्या." पाणी पोटात गेलं की मग चहा चालतो. चहा झाला की सकाळची पोळी उरलीय का, असं ती तोंडानं विचारत नाही, नुसती डब्याकडे बघते. मी मुद्दाम डब्याला हात लावत नाही. थोडा वेळ तिला बघू देते. एवढी गंमत आमच्यात चालते.

मी म्हणते, "गंगे, देवानं तुला पाठीच्या जागी पोतं शिवून दिलंय."

ती म्हणते, "पोतं असतं तर बरं होतं ताई. कुठंतरी उतरून ठिवलं असतं."

गंगू देगलूरकडची. लग्न होऊन हैदराबादला आली तेव्हा नवरा, नामदेवराव, कुकटपल्लीला पंपाच्या कारखान्यात होता. कारखाना बंद पडला. आता तो अंबरपेठेत एका बिल्डिंगचा वॉचमन आहे आणि तिथलीच लिफ्टजवळची खोली हे यांचं घर. मुलगा गौतम मोबाइलच्या दुकानात काम करतो. आणि गंगू म्हातारी माणसं सांभाळते. एजन्सीवाले त्याला केअरटेकर म्हणतात. गंगू म्हणते, "मी म्हाताऱ्यांची बाई." उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलणं. आमच्या मलकपेठेतले आणि तिच्या अंबरपेठेतले कितीतरी म्हातारे तिच्या खांद्यावर हात टाकून संडासापर्यंत गेले आहेत. माणूस बघितला की तिला त्याचं वजन कळतं. एकदा तिनं माझ्याकडे असं बघितलं तेव्हा मी सरळ आत निघून गेले.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर कुरियाकोस सर राहतात. केरळचे, सुरियानी ख्रिश्चन. म्हणजे ज्यांची जुनी प्रार्थना सुरियानी भाषेत असते ते. ही सुरियानी म्हणजे अरामी भाषेची लेक, आणि अरामी म्हणजे येशू घरात आईशी बोलायचा ती. हे मला सरांनी सांगितलं आणि मी भिशीत असं सांगते, जसं काही मीच खोदून काढलं. सर इथल्याच एका शाळेत भूगोल शिकवायचे आणि रविवारी चर्चमध्ये पोरांना सुरियानी अक्षरं गिरवायला लावायचे. असं शिकवणाऱ्याला त्यांच्यात मल्पान म्हणतात. पोरं मोठी झाली, कॅनडाला गेली, ऑस्ट्रेलियाला गेली. चर्चमधली प्रार्थना मल्याळममध्ये आली, मग थोडी इंग्रजीत आली. सुरियानी राहिली ती सरांच्या हॉलमध्ये, दिवेलागणीला. सर आणि त्यांची बायको, मरियाम्मा टीचर. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं. स्वयंपाकघरातल्या डक्टमधून मला वर सगळं ऐकू यायचं. त्यांचं सुरू झालं की मी भात लावायची.

मरियाम्मा टीचर गेल्या आणि ते बंद झालं. माझा भातसुद्धा कधी लवकर, कधी उशिरा व्हायला लागला.

पुढच्या वर्षी सरांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला, जीभ थोडी जड झाली. लेक लिस्सी कॅनडाहून आली, रडली, चल म्हणाली. सर नाही म्हणाले. "तिकडं बर्फात माझी काठी घसरेल," एवढंच कारण दिलं. मग लिस्सी माझ्याकडे आली आणि मी गंगूचं नाव दिलं. आता वाटतं, नाव दिलं ते बरं केलं की वाईट केलं. पण नाव दिलं.

दोघांची भाषा सांगते, म्हणजे पुढचं समजेल. सरांची दख्खनी उर्दू चांगली, मराठी मोडकी. गंगूची मराठी गावाकडची, उर्दू बाजारातली. दोघं मधेच कुठंतरी भेटायचे. मी तुम्हाला मराठीत सांगते.

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. दिवेलागण झाली. गंगूनं सरांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, दिवा लावला, आणि स्वतः जमिनीवर भिंतीला टेकून पाय चोळत बसली. सरांनी डोळे मिटले आणि काहीतरी एक ओळ म्हटली. आणि थांबले. बराच वेळ थांबले. गंगू बघतेय. पुन्हा तीच ओळ. पुन्हा थांबले.

गंगू म्हणाली, "हूं."

सरांनी डोळे उघडले.

"काय म्हणालीस?"

"हूं म्हणाले, सर. तुमी सांगा पुढं."

"हूं कायकू?"

"आता कायकू म्हंजे? आमच्यात कुणी गोष्ट सांगाय लागलं की दुसऱ्यानं हुंकार द्यावं लागतंय. न्हाई दिलं तर सांगणारा थांबतो. माझा बाप तर उठून जायचा. तुमी थांबला, म्हून मी दिला."

सर हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसले. हे सगळं सर लिस्सीला फोनवर सांगत होते तेव्हा मी स्वतः ऐकलं. मग त्यांनी गंगूला सांगितलं, की हूं नक्को. इथं उत्तर ठरलेलं असतं. मी हे म्हटलं की तू 'बारेक्मोर' म्हणायचं. मी ते म्हटलं की 'आमीन'. आणि मधे एक जरा लांब आहे, ते पुढं बघू. समोरचा उत्तर देईपर्यंत मला पुढची ओळ म्हणता येत नाही. एकट्याला ही प्रार्थना होत नाही, गंगू. अर्धीच होते.

गंगू वर माझ्याकडे आली ती हे घेऊन. दारात टेकली, पाणी प्यायली.

"ताई, ते मला त्यांची प्रार्थना म्हणाय लावतेत."

"मग म्हण की. तोंड तर तुझं दिवसभर चालू असतं."

"थट्टा नक्को ताई. आमच्या घरात खंडोबा हाय. मी ते काय म्हणतीय हे मला कळाय नक्को? एखाद्या वेळी काय शपथ घेऊन बसले तर?"

ह्यावर मात्र मला थट्टा सुचली नाही. मी म्हटलं, "अर्थ विचार. अर्थ कळल्याशिवाय तोंड उघडू नकोस. मल्पान आहेत ना, मग सांगतील."

दुसऱ्या दिवशी मी भाजी द्यायच्या निमित्तानं खाली गेले. निमित्त कसलं, ऐकायलाच गेले. गंगू सरांच्या पायाला तेल लावत होती.

"सर, ते बारीक मोर म्हंजे काय?"

"बारीक नाही. बारेक. बारेक म्हणजे आशीर्वाद दे. मोर म्हणजे माझ्या धन्या, मालका. धन्या, आशीर्वाद दे."

"एवढंच?"

"एवढंच. आणि बारेक तुला माहीत आहे. बरकत म्हणतेस ना तू?"

गंगूचा तेलाचा हात थांबला. "बरकत तर आमी म्हणतोच."

"तोच शब्द. बरकत अरबीतून आली, बारेक सुरियानीतलं. एका आईची दोन लेकरं. आई त्या दोघांच्याही आधीची, ती आता कुणाला दिसत नाही."

गंगूनं तेलाच्या वाटीत पुन्हा बोटं बुडवली. मग म्हणाली, "माझा बाप खळ्यावर ज्वारी मोजायचा तवा पहिल्या पायलीला एक म्हणत नसे. एक म्हटलं की मोजणी सुरू होती, मोजणी सुरू झाली की संपती. म्हून पहिल्या पायलीला 'बरकत' म्हणायचा. मग दोन, तीन."

सरांनी तिच्याकडे वळून बघितलं. वळणं सोपं नव्हतं त्यांना. "मग बरोबर आहे," म्हणाले. "मी सुरुवात करतो, पण पहिली पायली तू घालायची. तू बरकत म्हणलीस की मी मोजायला लागतो."

त्या संध्याकाळी डक्टमधून मला पुन्हा दोन आवाज आले. एक जड, अडखळणारा. दुसरा देगलूरचा, ज्वारीच्या खळ्यावरचा. मी भात लावला.

तेव्हापासून रोज एक शब्द व्हायला लागला. तेल लावताना सर शब्द सांगायचे, गंगू घरी जाताना तो वर माझ्याकडे टाकून जायची. आमीन म्हणजे पक्कं, खरं, भरवशाचं. इमान आणि अमानत त्याच घरचे. हे गंगूला फार आवडलं, कारण इमान हा तिचा लाडका शब्द. एजन्सीवाल्यांशी भांडताना ती तोच वापरते. अब्बा तर आपल्या हैदराबादेत गल्लोगल्ली. अरामीतही बापाला अब्बाच. मलको म्हणजे राजा, आणि अरबीतला मलिक त्याचा भाऊबंद. मलकपेठेत कुणी मलिक होता म्हणतात, त्याचं नाव पेठेला पडलं. गंगू म्हणाली, "म्हंजे ताई, तुमी राजाच्या पेठेत ऱ्हाता." मी म्हटलं, "राजाच्या पेठेत राहून पाणी मात्र टँकरचंच येतं गं."

एक दिवस ती आली ती जरा चिडूनच.

"ताई, कुलूप पण त्यांचं निघालं."

"कुणाचं?"

"सर म्हणतेत, कुलूप आपल्याकडं अरबीतून आलं, कुफल म्हून. अरबांनी सुरियानीतून उचललं, कुप्लो. आणि सुरियानीत पण ते लांब तिकडं युनानी, रोमन लोकांकडून आलेलं म्हणतेत. खिसा पण तसाच, अरामीत कीसो, पैशाची पिशवी. कंदील पण. मग आपलं काय राहिलं वो?"

"तुझी पाठ," मी म्हटलं. "ती खास देगलूरची."

हसली. पण उठताना तिनं चौकट धरली, आणि मग भिंत धरली, आणि जिना उतरताना पावलागणिक थांबत गेली. मी वरून बघत होते. हे बरेच दिवस चाललं असणार. मीच शब्दांच्या नादात लक्ष दिलं नव्हतं.

सर अंगानं मोठे. त्यात अर्धं अंग मदत करत नाही. सकाळी उठवायचं, दुपारी झोपवायचं, संध्याकाळी पुन्हा खुर्चीत. एकदा बाथरूममध्ये सरांचा तोल गेला आणि गंगूनं त्यांना पडू दिलं नाही. सर वाचले, गंगूची कंबर गेली. डॉक्टरनं सांगितलं, मणके घासलेत, यापुढं माणूस उचलायचा नाही. गंगूनं त्याला विचारलं, "मग काय उचलू?" डॉक्टर तरुण होता, त्यानं गोळ्या लिहून दिल्या.

त्यातच नामदेवरावाच्या ओळखीनं कुकटपल्लीला मुलींच्या हॉस्टेलात काम निघालं. स्वयंपाकघरात बसून भाजी चिरायची, लसूण सोलायचा, तांदूळ निवडायचे. बसून. उचलायचं काही नाही. दुपारपासून रात्रीच्या जेवणापर्यंत. मलकपेठेहून मेट्रो थेट जाते. घरातले सगळे म्हणाले घे. मीही म्हटलं घे.

ती म्हणाली, "दिवेलागणीचं काय?"

मी म्हटलं, "कोणाच्या?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. कोणाच्या दिवेलागणीचं ते दोघींनाही माहीत होतं. ती गेली तर सरांचं उचलणं, न्हाणं कुणीही करेल. एजन्सीकडं माणसं आहेत. पण सर पुन्हा एक ओळ म्हणतील आणि तिथंच बसून राहतील.

सरांनीच तिला जा म्हटलं. लिस्सीशी बोलून एजन्सीचा माणूसही ठरवला. धट्टाकट्टा, तेलुगू बोलणारा, सरांना उशीसारखं उचलायचा. चांगला माणूस, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. सरांनी त्याला बारेक्मोर म्हणायला सांगून बघितलं. तो म्हणाला, "सर, आमच्या चर्चमध्ये असं नसतं," आणि नम्रपणे बाहेर जाऊन उभा राहिला. तोही ख्रिश्चनच, पण वेगळ्या चर्चचा. त्याला दुसऱ्याची प्रार्थना बोलायची भीती वाटली. खंडोबावाली बोलली आणि हा थांबला, याचं मला हसू आलं. पण सर त्याला रागावले नाहीत.

शेवटच्या दिवशी गंगू तेल लावत होती. मी होते तिथं.

"सर, थकवा म्हणायला तुमच्यात शब्द असंल ना?"

"आहे. पण तो शिकून काय करणार? तुझ्याकडे वस्तूच आहे. त्यापेक्षा दुसरा घे. न्योहो."

"न्योहो. काय ते?"

"विसावा. गेलेल्या माणसासाठी आम्ही मागतो, देवा, ह्याला न्योहो दे. मरियाम्मासाठी रोज मागायचो."

गंगू हात पुसत म्हणाली, "मेल्यावरचा विसावा काय कामाचा सर. मधेच मिळत न्हाई का?"

सरांनी विचार केला. खरंच केला, शिकवणारा माणूस करतो तसा. म्हणाले, "शब्दात मेल्यावरच असं काही नाही. जिवंत माणसालाही चालतो. आम्हीच मागायला उशीर करतो."

तोडगा गौतमनं काढला. म्हणाला, "मम्मी, रेकॉर्ड करून देतो. तुझी उत्तरं मोबाइलवर. सर त्यांचं म्हणतील, मोबाइल तुझं म्हणंल." रेकॉर्डिंग माझ्या स्वयंपाकघरात झालं. सर काय म्हणतात ते गंगू मनात म्हणायची, तेवढा वेळ थांबायची, आणि मग मोठ्यानं बारेक्मोर. मधे माझ्या कुकरनं शिट्टी दिली. गंगूनं शिट्टीलाही आमीन म्हटलं. पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या संध्याकाळी मी खाली जाऊन मोबाइल लावून दिला. सरांनी म्हटलं, मोबाइलनं बरोबर उत्तर दिलं. मी मनात म्हटलं, जमलं. दुसरी ओळ जमली. तिसऱ्या ओळीला सरांना खोकला लागला. ते खोकत होते आणि मोबाइलमधली गंगू म्हणाली, आमीन. सर घाईनं पुढची ओळ पकडायला गेले, जीभ अडली, आणि मोबाइल तेवढ्यात त्याच्याही पुढं गेला. सर गप्प बसले. मोबाइल एकटाच उत्तरं देत राहिला, कुणी न विचारलेल्या प्रश्नांची, पार शेवटपर्यंत. तो संपेपर्यंत मला बंद करायचं सुचलं नाही.

सर म्हणाले, "ही गंगू थांबत नाही."

मग कितीतरी संध्याकाळी काहीच झालं नाही. सर खिडकीशी बसायचे, ओळसुद्धा म्हणायचे नाहीत. रोज गंगूचा फोन मला यायचा, हॉस्टेलातून, मागं भांड्यांचा आवाज.

"ताई, सरांनी केलं का?"

"नाही गं."

"बरं." एवढं म्हणून ठेवून द्यायची. कंबर कशी आहे विचारलं तर म्हणायची, "हाय जागेवर."

मी मनात म्हटलं, चला, गाडी सुटली. थकलेल्या माणसाकडून आणखी काय मागणार. ती बसलेली बरी, सर गप्प तर गप्प. माणसं प्रार्थनेशिवायही जगतात.

एका संध्याकाळी मी खाली उपमा घेऊन गेले होते. एजन्सीचा माणूस गोळ्या काढत होता. सरांचा फोन वाजला. त्यांना एका हातानं जमेना, म्हणून मीच स्पीकरवर लावला.

गंगू. मागं कुणीतरी तेलुगूत ओरडत होतं, पाण्याचा नळ चालू होता.

"सर," ती म्हणाली, "मी कांदे चिरतीय. हात कामात हाय, तोंड मोकळं हाय. म्हणा तुमी."

सर बोलेनात.

"म्हणा की. मी थांबते."

सरांनी म्हटलं. अगदी हळू. आणि तिकडून, कांद्यानं नाक भरलेल्या आवाजात, पहिली पायली पडली. बारेक्मोर. सरांना खोकला लागला, ती थांबली. जीभ अडली, ती थांबली. मधे तिला कुणीतरी हाक मारली, ती म्हणाली, "वस्तुन्ना," म्हणजे येते गं, आणि मग सर थांबले. माझा उपमा गार झाला.

तेव्हापासून तसंच चाललंय. कधी ती हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातून असते, कधी कामावरून लवकर सुटली तर मेट्रोतून. मेट्रोत पुढच्या स्टेशनाचं नाव सांगणारी बाई तिच्या आमीनच्या आधीच बोलते. शेजारच्या बायका बघतात म्हणे. एकीनं विचारलं, कुठली भाषा? गंगूनं सांगितलं, "लई जुनी. तुमचं कुलूप त्यातलंच हाय." पुढचं तिनं तिला सांगितलं नाही. स्टेशन आलं.

मी तिला चिडवते, "गंगे, तू आता सुरियानी झालीस, नामदेवरावांना नवीन बायको बघायला सांगते." ती म्हणते, "सांगा, सांगा. तिला म्हणावं, आधी कंबर दाखव." पण ती रविवारी येते तेव्हा मी बघते ना. कंबर बरी झाली आहे, पण चेहरा तसाच दमलेला आहे. बसून काम केलं तरी दिवस तेवढाच लांब असतो. एवढ्या मुलींसाठी कांदा चिरायचा, घरी जाऊन पुन्हा चूल आहेच. दारात टेकून भिंतीला डोकं लावते आणि बोलता बोलता तिचे डोळे मिटतात. पोळीच्या डब्याकडेसुद्धा बघायचं राहून जातं. आता मीच काढून देते.

परवाचं सांगते आणि थांबते. मी सरांकडे होते, रोजच्यासारखी. फोन लागला. गंगू म्हणाली, आज कोठीच्या खोलीत बसलीय, बटाट्याच्या पोत्यावर, इथं शांत हाय. सर म्हणाले बरं. सुरू झालं. पहिलं झालं, दुसरं झालं. मग ते लांब उत्तर येतं तिथं सर थांबले, आणि तिकडून काही आलं नाही.

मला वाटलं फोन कटला. बघितलं तर चालूच. मी म्हटलं, "गंगे. अगं गंगे."

सरांनी चांगला हात वर केला. माझ्याकडे बघून मान हलवली. आणि बोट फोनकडे केलं, ऐक म्हणून.

मी ऐकलं. तिकडं श्वास चालला होता. जड, एकसारखा, मधेच थोडी घरघर. बटाट्याच्या पोत्यावर झोपली होती बाई, उत्तराच्या मधोमध.

मी हळूच म्हटलं, "उठवू का? नाहीतर ठेवून देऊ का?"

"नक्को," सर म्हणाले. "न्योहो."

आणि थांबले. एजन्सीचा माणूस पाण्याचा ग्लास घेऊन आला, सरांचा हात बघून तोही दाराशीच थांबला. खिडकीबाहेर रेसकोर्सकडच्या रस्त्यावर हॉर्न वाजत होते, कुठंतरी अजान झाली आणि संपली. माझ्यासारख्या बाईला इतका वेळ गप्प बसणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगून कळणार नाही. पण सर अगदी आरामात बसले होते. त्यांना घाई नव्हती. ते तिच्यासाठी थांबलेत हे त्यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होतं, आणि हेही, की ही पाळी आपल्यावर आली याचं त्यांना बरं वाटतंय.

मग तिकडं काहीतरी पडलं, झाकण असावं. श्वास तुटला. थोडी खसखस झाली. अजून झोपेतच, जड तोंडानं गंगू म्हणाली,

"हूं."

मी सरांकडे बघितलं. आता म्हणतील, हूं नक्को, उत्तर ठरलेलं असतं.

सर पुढची ओळ म्हणाले.